एकाच फलकावर दोनदा नाव: धानोरीतल्या एका सोसायटीचे प्रकरण

धानोरीतली ही सोसायटी 64 सदनिकांची. मी तिचा लेखापरीक्षक आहे, सभासद नाही. त्यामुळे सभेत मला मत नसते, चहा मात्र आधी मिळतो. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. हिशेबाला हात लावलेला नाही.

पुण्याचा हा कोपरा लष्कराच्या शेजाराने वाढला. इकडे लोहगावचा हवाई दलाचा तळ, तिकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांचे, केंद्र आणि दारूगोळा कारखाना. नोकरीत असताना इथे दोन-तीन वर्षे काढलेला माणूस निवृत्तीनंतर बऱ्याचदा इथेच घर घेतो. कमांड हॉस्पिटल जवळ, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना जवळ, कॅन्टीनही जवळ. या सोसायटीत अशी चार घरे आहेत. एक सुभेदारसाहेब, मूळचे सातारा जिल्ह्यातले. हवाई दलातून निवृत्त झालेले एक सार्जंट. एका दिवंगत कॅप्टनसाहेबांच्या पत्नी. आणि चौथा अजून नोकरीत असलेला सॅपर्सचा हवालदार. तो खडकीला असताना त्याने कर्ज काढून सदनिका घेतली, मग बदली ईशान्येकडे झाली, बायको-मुले पाटण तालुक्यात गावी गेली आणि सदनिकेत भाडेकरू आला. भाड्यातून हप्ता जातो.

2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले आणि सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. मधल्या काळात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाची हवा काय होती हे पुणेकरांना सांगायला नको. विषयपत्रिकेवर सातवा विषय असा होता: ‘आजी-माजी सैनिक सभासदांना मासिक मेंटेनन्समध्ये निम्मी सवलत द्यावी व प्रवेशद्वाराशी त्यांच्या नावांचा सन्मानफलक लावावा.’ मांडणारा आयटीतला तरुण, अनुमोदन देणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या एक वहिनी. फलकाचा मसुदा सूचनाफलकावर डाव्या बाजूला डकवला होता. उजव्या बाजूला, नियमाप्रमाणे नाही पण प्रथेप्रमाणे, थकबाकीदारांची यादी लावलेली होती.

हवालदाराचे नाव दोन्हीकडे होते.

हे पहिल्यांदा पाहिले ते महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका सभासद ताईंनी. त्यांनी सभेत बोटाने दाखवले आणि एवढेच विचारले, ‘यांचा सन्मान आधी करायचा की वसुली?’

थकबाकी कसली होती

आकडे आधी पाहू, कारण सगळा वाद त्यांच्यावर उभा आहे. दर सदनिकेचे मासिक बिल 2,900 रुपये, त्यात सेवाशुल्क 2,100. सदनिका भाड्याने दिली की सोसायटी बिनभोगवटा शुल्क म्हणून महिन्याला सरसकट 1,000 रुपये लावत होती. राज्य सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश सांगतो की हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे इथे 210 रुपये. पुण्यातल्या कित्येक सोसायट्या हा आदेश माहीत असूनही नसल्यासारखे वागतात, कारण भाड्याने देणारा मालक सभेला येत नाही आणि न येणाऱ्याचा खिसा कापायला सगळ्यात सोपा.

भाडेकरू 2,900 रुपये वेळेवर भरत होता. हवालदाराने वरच्या हजाराला पत्राने हरकत घेतली, 210 भरायची तयारी दाखवली. पगारी व्यवस्थापकाने ‘अर्धवट रक्कम घेत नाही’ म्हणून ती नाकारली आणि पत्र फायलीत लावले. ते समितीपुढे गेलेच नाही. असे 26 महिने झाले. मूळ 26,000, त्यावर उपविधींतल्या कमाल 21 टक्के दराने सरळव्याज सुमारे 5,690. यादीत त्याच्या नावापुढे 31,690 होते. कायद्याने देणे होते 5,460, आणि त्यावरचे व्याजही त्याच्या माथी मारणे कठीण, कारण पैसे त्याने देऊ केले होते.

तो मे महिन्यात सुट्टीवर आला होता, समितीला भेटून हे मिटवणार होता. सुट्ट्या रद्द झाल्या, निरोप आला, दोन दिवसांत निघाला.

मग सप्टेंबरात सभेला का नाही आला, कोणाला तरी पाठवायचे होते, असे एकाने म्हटलेच. सहकार कायद्यात प्रतिनिधीमार्फत मतदानाला जागा नाही. सभासदाने स्वतः हजर राहून मत द्यायचे. गंमत अशी की लोकसभा-विधानसभेला हाच माणूस टपाली मतपत्रिकेने मत देऊ शकतो, आणि 2003 पासून सशस्त्र दलांतल्या मतदाराला गावाकडच्या माणसामार्फतही मतदान करता येते. देशाचे सरकार निवडायला त्याची गैरहजेरी आड येत नाही. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर मत द्यायला मात्र ती आड येते. न्यायालयांसाठीही 1925 चा एक जुना कायदा आहे: पक्षकार सैनिक युद्धकाळात किंवा तशा विशेष परिस्थितीत सेवेवर असेल, तर त्याच्या पाठीमागे दावा रेटायचा नाही, काम थांबवायचे. इंग्रजांना आपली फौज टिकवायची होती म्हणून केलेला कायदा, पण त्यामागचा विचार सरळ आहे. ज्याला आपणच दूर पाठवले, त्याच्या दूर असण्याचा फायदा घ्यायचा नाही.

सभेत काय झाले

परिचारिका ताईंचा विरोध थकबाकीपुरता नव्हता. त्या म्हणाल्या, सैनिकच का? 2020 च्या मार्चमध्ये याच बाल्कन्यांतून थाळ्या वाजल्या. त्याच महिन्यात त्यांच्या वॉर्डातल्या एका मुलीला घरमालकाने खोली सोडायला लावली. पावसात खांबावर चढणारा महावितरणचा लाइनमन, गटारात उतरणारा सफाई कामगार, यांच्या जिवाला धोका कमी आहे का? हवाई दलातले सार्जंट पुढच्या रांगेत बसून मान हलवत होते, पटल्यासारखी.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘सैनिक जीव धोक्यात घालतो’ हे नाही. धोक्याच्याच हिशेबाने मान द्यायचा तर गटारात उतरणाऱ्याचा नंबर फार वर लागेल, आणि आपण त्याला लिफ्टसुद्धा वापरू देत नाही. माझ्या मते सैनिकाच्या नोकरीतली खरी वेगळी गोष्ट राज्यघटनेच्या अनुच्छेद 33 मध्ये आहे. तुम्हा-आम्हाला असलेले मूलभूत हक्क सशस्त्र दलांच्या बाबतीत कमी करण्याची मुभा तिथे संसदेला दिली आहे, आणि 1950 च्या लष्कर कायद्याने ती वापरली आहे. सैनिकाला संघटना काढता येत नाही. संप करता येत नाही. परवानगीशिवाय वर्तमानपत्राकडे जाता येत नाही. वैतागून राजीनामा टेबलावर टाकून घरी जाता येत नाही. तसे गेले तर तो गुन्हा. परिचारिकांचा मोर्चा निघू शकतो, लाइनमन काळ्या फिती लावू शकतो. हवालदार महिना 790 रुपये जादा लावल्याच्या अन्यायासाठीसुद्धा एक पत्र लिहून वाट बघतो.

आपण कायद्याने ज्याचे तोंड बांधले, त्याच्या वतीने बोलायची जबाबदारी आपल्याकडे येते. सैनिकी सेवेला सार्वजनिक मान का द्यायचा, याचे मला पटणारे कारण हे आहे, आणि त्यातूनच मान कसा द्यायचा हेही ठरते: त्याची गाऱ्हाणी आपण मांडायची. वन रँक वन पेन्शनचे, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन या मागणीचे, आठवा. 2015 च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर बसले होते ते निवृत्त लोक. नोकरीतल्या एकालाही तिथे बसणे शक्य नव्हते. नोव्हेंबर 2015 मध्ये आदेश निघाला तेव्हा कुठे 1 जुलै 2014 पासूनचा फरक हिशेबात आला.

सभेत महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सरही होते. त्यांना वेगळी भीती वाटत होती: असे फलक लावले की उद्या संरक्षण खात्याच्या खर्चावर किंवा एखाद्या निर्णयावर प्रश्न विचारणारा माणूस आपोआप देशाविरुद्ध ठरतो. तरुणाने लगेच ‘बघा, झालं सुरू’ असा चेहरा केला. पण सरांचे म्हणणे वरच्या मुद्द्याशी जुळते. प्रश्न विचारायची सोय ज्याला नाही त्याच्या नावाने दुसऱ्यांचेही प्रश्न बंद केले, तर त्याचे गाऱ्हाणे मांडायला उरणार कोण? सैनिकाचा मान आणि सरकारच्या निर्णयाचा मान या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली जमा दुसरीत दाखवली की मी लेखापरीक्षक म्हणून शेरा मारतो.

सुभेदारसाहेब शेवटी बोलले. त्यांच्या तालुक्याजवळच ते अपशिंगे, ज्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. त्या मुलखातल्या माणसाकडून भाषणाची अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘माफी कशाला वो? मी काय फुकट गेलो नव्हतो. पगार घेतला, आता पेन्शन घेतो. घरपट्टीची सवलत सरकारनं दिलीया, ती घेतो, त्यो नियम हाय. तुमच्या बिलातलं निम्मं घेऊन मी लिफ्टमधी कुनाच्या तोंडाकडं बघू? पन त्या पोराचं नाव त्या यादीतनं काढा आधी. आन् पत्राला उत्तर द्या.’

टाळ्या वाजल्या. मला त्या थोड्या खटकल्या, कारण टाळ्या वाजल्या की लोकांना विषय संपल्यासारखा वाटतो.

सवलतीचा हिशेब

निम्मी सवलत म्हणजे चार घरांचे महिन्याला 5,800 रुपये, उरलेल्या 60 घरांवर प्रत्येकी 97. एवढ्याने कोणाचे घर बुडत नाही. पण सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे, हे आदर्श उपविधींचे मूळ तत्त्व आहे, आणि ठराव सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे कोणी नेला असता तर तो टिकला नसता. सवलत द्यायची ती राज्याने, सगळ्यांच्या करातून, लिहून ठेवलेल्या अटींवर. महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये माजी सैनिकांच्या एका घराला मालमत्ता करातून सूट दिली, ती तशी आहे. तिच्यासाठी कोणाला शेजाऱ्याचे आभार मानावे लागत नाहीत. सोसायटीतली सवलत मात्र रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाकडून आलेली असते, आणि पार्किंगचा वाद झाला की तीच पहिल्यांदा काढली जाते.

प्रोत्साहन: शेजारच्या घरातले

ठरावाला अनुमोदन देणाऱ्या वहिनींचा मुलगा बारावीत आहे. त्याला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. खडकवासल्याची ही प्रबोधिनी त्याच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. तिची पायाभरणी नेहरूंच्या हस्ते 6 ऑक्टोबर 1949 ला झाली, आणि 30 मे 2025 ला तिथून पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या, हे त्याला तोंडपाठ. वहिनींनी मात्र त्याला जेईईच्या क्लासला घातले आहे. सभेनंतर कोणीतरी चिमटा काढलाच: शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात.

चिमटा सोपा आहे, वहिनींची भीती खोटी नाही. एनडीएत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडावे लागलेल्या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण ते अजून अधिकारी झालेलेच नसतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची दखल स्वतःहून घेतली, आणि त्याच महिन्यात त्यांना ईसीएचएसची वैद्यकीय सोय मिळाली. इतकी वर्षे खडकवासल्याचे दीक्षान्त संचलन टीव्हीवर बघणाऱ्या पुण्याने हे विचारले नव्हते. आणि या शहराला किंमत दिसत नाही असे म्हणायची सोय नाही: वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला जायबंदी जवानांना हातचे काम शिकवणारी, 1917 मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था आहे, कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तिथेच. तरुणाला प्रोत्साहन द्यायचे तर संचलनाबरोबर यांपैकी एक दार त्याला दाखवावे. पाहून आल्यावर तो हो म्हणाला, तर ते हो पक्के. त्याच्या आईलाही मग त्याच्याशी खरे बोलता येते.

दुसरा मुलगा सोसायटीतला असून नसलेला. फाटकावरचे सुरक्षारक्षक निवृत्त नाईक आहेत. सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत बाहेर पडले. शिपाई वर्गातल्या बहुतेकांचे असेच होते, फौजेला तरुण पाय हवे असतात. त्यांचा मुलगा अग्निवीर भरतीसाठी, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या नोकरीसाठी, पहाटे विमाननगरकडे 1600 मीटर पळायला जातो. नाईकांनी मला हिशेब विचारला म्हणून त्यांच्या वहीत मांडून दिला. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. चार वर्षांनी सरकारच्या तेवढ्याच वाट्यासह आणि व्याजासह सुमारे 11.71 लाख, करमुक्त. चालू नोकरीत 48 लाखांचा विमा. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली, पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात.

नाईकांनी वही बघितली आणि म्हणाले, ‘म्हणजे माझ्या पेन्शनवर तो शिकला, त्याच्या पोराला त्याची पेन्शन नसणार.’ पोराला जाऊ नको म्हणाले नाहीत. तोही जायचे म्हणतो. ऐन विशीत एवढी रक्कम त्यांच्या घरात दुसऱ्या कोणत्या नोकरीतून येणार?

लष्करात जाणे ही केवळ देशभक्तीची किंवा केवळ पोटाची गोष्ट कधीच नव्हती, याला पुण्याचाच पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जांवर अर्ज करत राहिले; 1910 मध्ये थेट ब्रिटिश सरकारातल्या भारतमंत्र्यांकडे. ज्या समाजाला देवळात घेत नव्हते, त्याला गणवेश हवा होता. पगार हवाच होता, पण बरोबरीने उभे राहण्याची जागाही हवी होती. पहिल्या महायुद्धात गरज लागली तशी 1917 मध्ये महारांची पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली, आणि महार रेजिमेंट आली ती 1941 मध्ये. गरजेला बोलावून काम झाल्यावर मोडणाऱ्या प्रोत्साहनाचा हा इतिहास फार लांबचा नाही. नाईकांच्या मुलाला चार वर्षांनी शहर कुठे उभे करते, हे त्या इतिहासाच्या शेजारी ठेवून बघायला हवे.

ठरले ते

सवलतीचा भाग ठराव मांडणाऱ्यानेच मागे घेतला. तो समजूतदार निघाला. पुढचे सगळे काम त्यानेच अंगावर घेतले. बिनभोगवटा शुल्क सर्वच सभासदांसाठी 210 वर आणले आणि जादा घेतलेले पुढच्या बिलांतून वळते करायचे ठरले. याचा सर्वात मोठा फायदा कोणाला झाला? बंगळूर आणि अमेरिकेत असलेल्या पाच घरमालकांना, ज्यांनी कधी पत्रही लिहिले नव्हते. एका हवालदाराच्या हट्टाने त्यांचे पैसे सुटले. आभाराचा निरोप दोघांकडून आला.

हवालदाराने 5,460 रुपये भरले, व्याज आकारले नाही. त्याच्या लेखी शिफारशीने पत्नीला सहयोगी सभासद करून घेतले, त्यामुळे त्याच्या गैरहजेरीत आता त्या सभेत बोलू आणि मत देऊ शकतात. पाटणहून पहिल्याच सभेला आल्या, आणि पाण्याच्या टाकीच्या ठेक्यावर तीन कंपन्यांची दरपत्रके का नाहीत म्हणून विचारले. थकबाकीदारांची यादी भिंतीवरून उतरवली. ज्याचे देणे त्याला पत्राने कळवायचे. सन्मानफलक लागला. मला त्याची गरज वाटली नव्हती, सुभेदारसाहेबांनाही नव्हती, पण कॅप्टनसाहेबांच्या पत्नी त्यापुढे थांबून नाव वाचताना दिसल्या, तेव्हा मी माझे मत इतिवृत्ताबाहेरच ठेवले.

एक विषय राहिला. आयत्या वेळच्या विषयांत सुभेदारसाहेबांनी फाटकावरची 12 तासांची पाळी 8 तासांवर आणा असे सुचवले. एक रक्षक वाढेल, साधारण 20,000 रुपये, म्हणजे दर सदनिकेमागे महिना 312. ठेकेदार किती घेतो आणि नाईकांच्या हातात किती पडतात, याचा तपशीलही त्यांनी मागितला. 97 रुपयांच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इथे अभ्यास करून ठरवू असे सांगितले. ठेकेदाराकडून तपशील मागवला आहे. तो अजून आलेला नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असे पत्र हवालदाराच्या पत्नीने दिले आहे, आणि या वेळी व्यवस्थापकाकडून पोच घेतली आहे.